प्रेमलताच्या रक्तातली पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. जुनी म्हणजे काल दुपारची. हसू नका! आमच्या जातीत एक दिवस म्हणजे म्हातारपण. मी इतकी बारीक आहे, की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसणार नाही. शास्त्रज्ञ मला एक्झोसोम म्हणतात. पूर्वी ते आम्हाला पेशीने टाकलेला कचरा समजत. कचरा म्हणे! अहो, आम्ही एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतो. आता कुठे त्यांना ते उमगू लागलं आहे.

हे साल २००७, आणि माझा जन्म प्रेमलताच्या फुप्फुसातला. प्रेमलता मालवणच्या बाजारात मासे विकते. तिला क्षय झाला होता. अंगणवाडीत जाऊन ती तिथल्या सेविकेसमोर क्षयाच्या सरकारी गोळ्या घ्यायची. खोकला थांबला, अंग भरलं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या, बांगडा येऊ लागला आणि बाईने गोळ्या सोडल्या.

"आई, औषध पुरा जावक नाय," सून दिव्या म्हणाली.

"माका आता बरा वाटता गो. गोळये कित्याक? मळमळता माका. बाजारात बसूक व्हया."

इतके दिवस लांब ठेवलेल्या नातीला तिने मांडीवर घेतलं. बाजारात शेजारी बसणारी तुळसा रोज विचारायची, "बरी मा गो?" आणि ही ऐटीत सांगायची, "बरी आसंय!"

हे सगळं मला माझ्या आईने, म्हणजे मला जन्म देणाऱ्या पेशीने सांगितलं. ती शरीराची राखणदार. तिने क्षयाचा जंतू गिळला होता, पण तो तिच्या पोटात मेलाच नाही. अर्धवट औषधाने सुटलेला जंतू पुन्हा वाढू लागला होता. तो खोकल्यातून बाहेर पडला असता, तर आधी त्या तान्ह्या पोरीला गाठलं असतं. आईने त्या जंतूचे बारीक तुकडे माझ्यात भरले आणि म्हणाली, "जा, सगळ्यांना सांग. शत्रू जिवंत आहे."

मी निघाले. पण माझ्या काही बहिणी माझ्याआधी निघाल्या होत्या. त्यांच्यात जंतूने भलताच निरोप भरला होता. त्या जिथे जातील तिथे सांगत होत्या, "सगळं बरं आहे, झोपा." आणि राखणदार झोपतही होते. असा संताप आला म्हणून सांगू!

छातीतल्या एका लसीका गाठीत राखणदार पेशींचा तळ होता. तिथे मी पोचले. आमचा निरोप ऐकायचा तर आम्हाला गिळावं लागतं. एकीने मला गिळलं. माझ्यातले तुकडे पाहताच ती दचकली, तिने बाकीच्यांना हाक दिली आणि सगळा तळ जागा झाला.

संध्याकाळी प्रेमलताला ताप भरला.

"मेलो ताप! आजच येवचो होतो!" ती कण्हली. "बाजारात कोणाची तरी दिष्ट लागली."

दिव्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. मग तिच्या मांडीवरचं पोर उचलून घेतलं. "आई, दिष्ट नाय ही. तुमका बरा वाटला, पण तुमी बऱ्या जावक नाय."

प्रेमलता रिकाम्या मांडीकडे बघत राहिली. मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगते, त्या तापात माझाही आवाज होता. मला बोलता येत नाही. मी दुसरं काय करणार?

आज सकाळी दोघी अंगणवाडीकडे निघाल्या आहेत. मी आता विरघळत चालले आहे. मित्रांनो, तापाला खुशाल शिव्या द्या, पण तो काय सांगतो ते ऐका. आणि नुसतं बरं वाटलं म्हणून औषध सोडू नका.

वाटेत तुळसा भेटली. "बरी मा गो?" तिने विचारलं.

प्रेमलता थांबली. तिने दिव्याच्या कडेवरच्या नातीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"नाय गो," ती म्हणाली. "बरी होतंय."