पट्ट्याचा मान

जासईत कुणाच्याही घरी हळद असली की पुतळाआजीला बोलावणं जायचं. लग्नातली जुनी गाणी, म्हणजे ढवळे, तिला तोंडपाठ होती. अर्ध्या गावाच्या पोरींना तिच्या गाण्यावरच हळद लागली होती. आता तिच्या नातीच्या, स्नेहलच्या हळदीची वेळ आली होती आणि नेमकी आजी अडकू लागली. गाण्यात हळद दळून व्हायची, नवरी पाटावर बसायची आणि पुढची ओळच गायब!

"डीजे सांगून ठेवलाय," स्नेहलचा भाऊ हितेश म्हणाला.

"डीजेवर हलद लागली तं मी मांडवान पाय ठेवनार नाय," आजी म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

हितेशला वाईट वाटलं. त्याने डोक्याला लावायचा पट्टा मागवला. कपाळावर दोन ओले स्पंज टेकवायचे, बॅटरी चालू करायची आणि मेंदूला अगदी हलकी वीज द्यायची. विसरलेलं सगळं आठवतं, असं जाहिरातीत म्हटलं होतं.

हळदीच्या संध्याकाळी त्याने पट्ट्याचं खोकं भर मांडवात उघडलं. इथेच घोटाळा झाला. मांडवात काहीही निघालं तरी पहिला मान मामाचा. तळोज्याहून आलेले गोटीराममामा तोंड फिरवून बसले.

"मामाला इचारल्याबिगर थेट आजीला? बरं हाय. आमी जातो."

"अहो मामा, आजीला ओळ आठवायचीय. तुम्हाला काय आठवायचंय?"

"मानाला कारन लागत नाय."

मग मामांना पाटावर बसवलं, ओवाळलं. कपाळाला हळद फासली, त्यावर कुंकू लावलं आणि त्यावर पट्टा आवळला. ठरलेली वेळ झाल्यावर यंत्र आपोआप बंद झालं. मामा म्हणाले, मान असा मधेच तुटत नाही. यंत्र पुन्हा चालू केलं. ते पुन्हा बंद झालं, तेव्हा पुन्हा चालू केलं.

"आठवलं!" मामा ओरडले. "हितेश, तुझ्या बापाच्या लग्नान मना पापड नाय वाढला! तुझ्या बारशाला माझी छत्री नेली, ती गेलीच! साखरपुड्याच्या फोटोन मी अर्धाच हाय!"

मांडवात घबराट पसरली. आता आपलं नाव निघेल म्हणून पाहुणे खुर्च्या मागे सरकवू लागले.

"त्यांना पट्टा कशाला लागतो?" मामी शांतपणे म्हणाल्या. "घरी पन रोज हेच चालू असतं."

तेवढ्यात स्नेहलची मैत्रीण हादिया आली. ती पनवेलला डॉक्टर होती. तिने आधी यंत्र बंद केलं, मग पट्टा सोडवला. मामांच्या कपाळावर दोन लालबुंद गोल उठले होते.

"डोकं गरगरतंय गो," मामा पुटपुटले.

"गरगरणारच! स्पंज सुकलेत, खाली हळदीचा थर आणि वर पुन्हा पुन्हा वीज. कातडी भाजलीय, मामा. गार पाणी आणा कुणीतरी. डॉक्टरला विचारल्याशिवाय असलं लावतात का? हितेश, पुढचा नंबर कुणाचा होता?"

"आजीचा."

"आजी पडल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात धातूची पट्टी बसवली ना? अशा माणसाला हे लावायचंच नसतं! सूचनांचा कागद वाचलास?"

हितेशने कागद शोधला. त्यावर मामांसाठी खोबऱ्याचा प्रसाद ठेवला होता.

डीजेवाल्याने हळूच बटणाकडे हात नेला. ते बघून आजी ताठ बसली आणि गाऊ लागली. हळद दळून झाली. नवरी पाटावर बसली. आजी थांबली. आजीने इकडेतिकडे पाहिलं. समोर कपाळावर ओलं फडकं धरून मामा बसले होते.

"नवरी बसली पाटावरी गो, मामा बसला रुसूनी,
कपाली दोन चांद उगवले, पापड नाय म्हनूनी!"

बायकांनी हसत हसत ओळ उचलली.

"नाव घाला ना!" फडक्याखालून मामा ओरडले. "कोंचा मामा, ते लोकांना कसं कलनार?"

आजीने नाव घातलं आणि स्नेहलच्या गालाला हळद लागली.

आता जासईत कुणाचीही हळद असो, नवरीचा सख्खा मामा हसत शेजारी उभा असला तरी, गाण्यात गोटीराममामा पापडासाठी रुसून बसतातच.