फांगांची मुलगी, त्सुईंचं घर

छिंगमिंगच्या दिवशी फांग घराणं पूर्वजांची थडगी झाडतं, कागदी पैसे जाळतं, आणि सगळं उरकलं की घराण्यातला सर्वांत वडीलधारा माणूस घसा खाकरून सांगतो, "त्सुईंच्या घरी मुलगी देऊ नये, त्सुईंची मुलगी आणू नये." मग सगळे उकडलेली अंडी सोलायला बसतात.

एरवी त्सुईंशी फांगांचं काही वाकडं नाही. ओढ्यापलीकडे त्यांचं गाव. ट्रॅक्टर एकमेकांचा वापरतात, पीच एकाच ट्रकमधून बाजारात धाडतात, मयताला खांदाही देतात. फक्त सोयरीक नाही. कारण सोळाशे वर्षांपूर्वी, येन राजवटीत, ग्वांगगू शहराला वेढा पडला असताना त्सुईंच्या पूर्वजाने वेशीचा दरवाजा शत्रूला उघडून दिला आणि दरवाजावर पहाऱ्याला असलेल्या फांगांच्या पूर्वजाचं मुंडकं उडालं. दरवाजा उघडल्याचं त्सुईही नाकारत नाहीत. शहरात माणसं चामडं उकडून खात होती, आमच्या माणसाने त्यांना वाचवलं, एवढंच ते वर म्हणतात. मुंडक्याबद्दल त्यांना काही आठवत नाही.

फांग शूयुन तालुक्याच्या शाळेत इतिहास शिकवत होती. वय चोपन्न, लग्न झालेलं नाही. का झालेलं नाही, हे गावात सर्वांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारत नसे. तरुणपणी त्याच शाळेत गणिताला त्सुई लियानचेंग नावाचा मास्तर होता. दोघं डबा एकत्र खायचे. एक दिवस शूयुनने घरी विषय काढला. वडील म्हणाले, "तो त्सुई आहे." ती म्हणाली, "हो." आणि आपल्या खोलीत गेली. लियानचेंगने वाट पाहिली, मग यानताईला बदली मागून घेतली. आता तो आजोबा आहे म्हणे. शूयुनला त्या दिवसांचं दुःख झालं, फार झालं, पण तिने ते कुणाच्या माथी मारलं नाही.

या वर्षी छिंगमिंगच्या आदल्या दुपारी तिची भाची रुईनिंग शाळेत येऊन तिच्यासमोर बसली.

"आत्या, मला लग्न करायचंय. मुलाचं नाव काईवेन, पशुवैद्य आहे, दारू पीत नाही, स्वयंपाक येतो."

"आडनाव?"

"बाकी सगळं चांगलं आहे," रुईनिंग म्हणाली.

शूयुनने चहाचा पेला खाली ठेवला.

"आजोबा नाही म्हणाले तर मी त्याच्याबरोबर जिनानला निघून जाईन," रुईनिंग म्हणाली. "पण आजोबा लग्नात नसतील, तर मला ते लग्न वाटणारच नाही. तू बोल ना त्यांच्याशी. तू इतिहासवाली."

"यात इतिहासाचा काय संबंध? ही घरातली गोष्ट आहे."

"काईवेनने त्यांच्या पूर्वजाच्या शिळेचा फोटो पाठवलाय. बघ तरी. त्यांना त्या दरवाजाचा केवढा अभिमान आहे."

फांगांपैकी कुणी त्सुईंच्या स्मशानात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. शूयुनने कौतुक नसलेल्या नजरेने फोन हातात घेतला. शिळेवर लिहिलं होतं, की येन राज्याच्या युआनशी सनाच्या पाचव्या वर्षी आमच्या पूर्वजाने ग्वांगगूचा दरवाजा उघडला. तिने ते वाचलं, फोटो मोठा केला, पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून आणखी एकदा.

येनच्या बाबतीत भल्याभल्यांचं घोडं अडतं. त्या एका शतकात येन नावाची राज्यं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली: पूर्वीचं येन, नंतरचं येन, पश्चिम येन, दक्षिण येन, उत्तर येन. ही शेपटं पुढच्या इतिहासकारांनी लावली. जिवंतपणी कुठलाही राजा स्वतःला 'नंतरचा' म्हणवून घेत नाही, प्रत्येकाचं आपलं नुसतं येन. शूयुन वर्गात सांगायची, राज्याचं नाव विचारू नका, नाव सगळेच चोरतात. राजधानी विचारा, सन विचारा, सन प्रत्येक राजाचा वेगळा असतो. दरवर्षी सांगायची, आणि दरवर्षी पोरं पेपरात घोळ घालून ठेवायची.

फांगांच्या शिळेवर काय आहे, हे तिला बघायला जावं लागलं नाही. तिथे ती लहानपणापासून केरसुणी फिरवत आली होती. येन राज्य, थाईशांग सनाचं सहावं वर्ष. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. हिने तर वळसाही घेतला नव्हता.

"काय झालं?" रुईनिंगने विचारलं.

"काही नाही," शूयुन म्हणाली. "उद्या बोलते मी त्यांच्याशी."

दुसऱ्या दिवशी थडगी झाडून झाली. देमाओ, म्हणजे शूयुनचे वडील, आता घराण्यात सर्वांत थोरले. त्यांनी घसा खाकरून वाक्य म्हटलं, सर्वांनी अंडी खाल्ली. घरी परतल्यावर ते अंगणात शेंगदाणे सोलत बसले. शूयुन समोर स्टूल घेऊन बसली. रात्रभर तिने भाषण तयार केलं होतं. त्यात तीन भाग होते आणि शेवटी वडिलांना थोडं रडायला येईल अशी सोय होती.

"बाबा, रुईनिंगला त्सुईंच्या मुलाशी लग्न करायचंय."

"तो त्सुई आहे," देमाओ म्हणाले.

"हो. पण त्यांच्या माणसाने आपल्या माणसाला मारलं नाही."

"दरवाजा उघडला नाही?"

"उघडला. पण तेव्हा येनचं सैन्य बाहेर होतं आणि त्सुईने त्याला आत घेतलं. पूर्वीचं येन. आपला माणूस मेला तेव्हा येन आत होतं आणि बाहेर जिन नावाच्या दुसऱ्या राज्याचं सैन्य होतं. आतलं ते दक्षिण येन. मध्ये चोपन्न वर्षं गेली."

देमाओंनी एक शेंग फोडली. "शहर एकच ना?"

"शहर एकच. वेढे दोन."

"म्हणजे त्सुईने येनला आत घेतलं, आणि आपला येनला बाहेर काढणाऱ्यांशी लढून मेला."

"हो."

"चोपन्न वर्षांनी."

"हो. तोवर तो त्सुई मेलाही असेल बहुतेक."

"तर मग आपलं त्याच्याशी भांडण नाहीच," देमाओ म्हणाले. "उलट त्याने येनला आत घेतलं नसतं, तर आपल्या माणसाला पहाऱ्याची नोकरी कुठून मिळाली असती?"

"असं इतकं सरळ नाही सांगता येणार. मधे एक येन बुडालं, मग दुसरं..."

"करू दे लग्न. पोराला गुरांचं कळतं का?"

"पशुवैद्य आहे."

"बरं झालं. आपल्या म्हशीचा पाय दाखवता येईल."

शूयुनच्या भाषणाचा पहिला भागही संपला नव्हता. कोंबडी येऊन टरफलं विस्कटून गेली.

"बाबा, तुम्ही हे इतक्यात मान्य करताय?"

"तू मास्तरीण. तू सांगतेस तर असेल. मी चौथी शिकलेला माणूस, मला एक येन आणि दुसरं येन काय कळणार?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तेव्हा का नाही सांगितलंस?"

"कधी?"

"ते गणिताचे मास्तर होते तेव्हा."

शूयुनने त्सुईंची शिळा कधी पाहिली नव्हती, हे खरं. पण लियानचेंगला एका शब्दाने विचारलं असतं, तर डबा खाता खाता त्याने सांगितलं असतं. त्याला आकडे चांगले लक्षात राहायचे.

"तुम्ही म्हणालात, तो त्सुई आहे," ती म्हणाली.

"मग? म्हणालोच. बापाने म्हणायचं असतं." देमाओ शेंगा फोडत राहिले. "मला वाटलं, तू भांडशील. तुझी आई म्हणाली, ती आता आदळआपट करील, तुम्ही फार ताणू नका. मी काय बोलायचं ते ठरवून बसलो होतो. दोन दिवस शेतावर गेलो नाही."

"काय ठरवलं होतं?"

"ठरवायचं काय त्यात? 'बरं, असू दे' एवढंच."

ओढ्यापलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. शूयुनने डोळे पुसले, तेही अर्धवटच, कारण खिशात फोन वाजायला लागला. रुईनिंग होती.

"आत्या, काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

पलीकडे एक किंकाळी, मग बराच वेळ नुसतं हुंदके देऊन हसणं. "आत्या, तुझे उपकार कसे फेडू? फार भांडावं लागलं का गं त्यांच्याशी?"

"नाही," शूयुन म्हणाली. "अजिबात नाही."