हांकोवरचे मीठ

“मीठ टाक, नेमेसिया! ऊन काय तुला विचारून चढणार आहे?” स्की क्लबचे अध्यक्ष अनीबाल खालून ओरडले.

नेमेसिया चोके मिठाचे पोते खांद्यावर घेऊन बर्फाच्या कडेला नुसती उभी होती.

आमचा हांकोचा बर्फाळ डोंगर इतका उंच, की वर चुलीवर ठेवलेला बटाटा शिजेपर्यंत खाली ला पाझमध्ये दोन राष्ट्राध्यक्ष बदलून जातात. वारा असा, की अनीबालांची टोपी एकदा उडाली ती पेरू देशात पडली आणि तिथेच लग्न करून राहिली. अशा ठिकाणी ही मुलगी सकाळी पायांना दोन पट्ट्या बांधून स्कीची शर्यत करायची आणि दुपारी एका फळीवर उभी राहून स्नोबोर्डची. गावात तिला तीनफळी म्हणत. उरलेला वेळ ती बर्फात खुंट्या ठोकून तो किती झिजला ते मोजत फिरे. विद्यापीठातले संशोधन होते तिचे. खालचे सगळे गाव त्याच बर्फाचे पाणी पिई.

परदेशी स्पर्धेला एकच माणूस जाणार होता. नेमेसियाला पाठवले तर एका तिकिटात दोन खेळाडू जातात, एवढा हिशेब देशाच्या संघटनेलाही जमला. अट एकच होती, निवडीच्या दोन्ही शर्यती एकाच दिवशी पार पडायला हव्यात. सकाळची तिने जिंकली होती. पण उन्हाने आता उताराची लापशी झाली होती. मीठ टाकले की बर्फ तासभर दगडासारखा घट्ट होतो. नंतर तेच मीठ त्याला आतून खात जाते. म्हणून दोन वर्षे तिनेच क्लबला मीठ टाकू दिले नव्हते.

खेळाडूंना उतारावर वर नेणारा दोर ओढायला जुन्या ट्रकचे इंजिन होते, ते तेओफिलो मामा चालवायचा. ती त्याच्याकडे गेली.

“मामा, मधल्या उतारावर बर्फ माझ्या उंचीएवढासुद्धा उरला नाही. खाली काळा खडक आहे. तो उघडा पडला की तापेल आणि आजूबाजूचं सगळं वितळवेल.”

“मग नको टाकूस.”

“मग जाता येणार नाही.”

“मग टाक.”

“मामा!”

“अगं, मी इंजिनवाला. पुढे नाहीतर मागे. तिसरं मला येत नाही.”

ती हसली नाही. “दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही,” असे सगळ्यांना बजावून तिने स्वतःच मूठमूठ मीठ उतारभर पेरले. तासाभराने फळीखाली बर्फ काचेसारखा वाजला आणि ती जिंकली. अनीबाल नाचता नाचता दोनदा आपटले.

परदेशात ती स्कीमध्ये शेवटून दुसरी आली. फळीवरून तर पहिल्याच वळणाला पडली.

परतली तेव्हा हांकोच्या मधोमध काळा खडक वर आला होता आणि बर्फाचे दोन तुकडे झाले होते. मधल्या खुंट्या आडव्या पडलेल्या.

“यंदा ऊन फार होतं, असं लिही. खोटंही नाही ते,” प्राध्यापक म्हणाले.

“ऊन होतंच, सर. पण इथे मी मीठ टाकलं होतं. या उताराची मापं धरू नका.”

मापे धरली नाहीत, म्हणून पदवीही हुकली.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दोन्ही तुकडे संपले. गावाची सभा बसली तेव्हा तिने उभे राहून मिठाचे सगळे सांगितले.

“अगं, तो बर्फ तसाही जाणारच होता,” मामा मध्येच बोलला.

“हो, मामा. पण पोरं मोठी होईपर्यंत टिकला असता.”

मग सभेची वडीलधारी तोमासा आजी म्हणाली, “शिव्या देऊन पाणी येत नाही. पाट साफ करायची पाळी घे. शेवटचा तुकडा तुझा.”

पाटाचा शेवटचा तुकडा म्हणजे गावाचा सगळ्यात खालचा कोपरा. आता पाणी अर्ध्या वाटेतच जिरते, तिथवर पोचत नाही. वरचे लोक आपापल्या तुकड्यांत हलगर्जी करतात, गवत माजू देतात.

नेमेसिया पेरणीआधी फावडे घेऊन येते. तळाची माती काढते, निखळलेले दगड पुन्हा बसवते, कडा हाताने सारख्या करते. मग वाकून पाटाचा उतार नीट आहे ना ते पाहते.

तिच्या त्या कोरड्या तुकड्यात गवताची काडीसुद्धा सापडत नाही.