नळाला घाम फोडणारा ड्रायर

मित्रांनो, मला घडवले केस वाळवण्यासाठी, पण माझे नाव झाले ते एका नळामुळे. मी तोंडाशी करपलेला, जुना हेअर ड्रायर आहे. तुर्कस्तानातल्या एर्झुरुम शहरात राहतो. इथे हिवाळ्यात दोरीवरचा सदरा फळीसारखा ताठ होतो.

गुलीझारच्या आईने तिच्या लग्नात मला हौसेने सामानात घातले. सासरी आलो आणि सासूबाईंनी, म्हणजे मेव्हिबेआईंनी, मला उलटसुलट करून पाहिले. घरात शेगडी धगधगत असताना वीज कशाला जाळायची, असे म्हणत त्यांनी मला पेटीत टाकले. रजयांखाली पडून मी कितीतरी हिवाळे काढले. वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू!

मग तो दिवस उजाडला! मेव्हिबेआई हजहून परतणार होत्या. मुलगा त्यांना आणायला गेला होता आणि दुपारी सारा मोहल्ला चहाला, जेवायला येणार होता. सकाळी गुलीझारने नळ फिरवला, तर पाण्याचा टिपूस नाही. थंडीत पाइपातले पाणी गोठू नये म्हणून रात्रभर नळाची बारीक धार सोडून ठेवायची, हा घरचा नियम. तिने ती सोडली होती. पण सासरे, नुसरेतबाबा, रात्री उठले आणि पाणी वाया घालवणे पाप म्हणून त्यांनी नळ घट्ट बंद केला. आता ते ओशाळून उभे होते. बोल मात्र सुनेलाच लागणार, हे दोघांनाही ठाऊक होते. बादलीभर पाणी मागायला ती शेजारच्या साबिहाबाईंकडे गेली, तेव्हाच नळ गोठल्याची बातमी फुटली.

ती परतली तर बाबा रॉकेलचा बोळा काठीला गुंडाळून काडी ओढायच्या बेतात! लोखंडी पाइप लाकडी भिंतीतून गेला होता आणि पलीकडे गुरांचे गवत रचले होते.

"बाबा, ठेवा ते खाली. पाण्यापायी घर घालवायचंय का?"

"मग काय, फुंकर मारत बसू?"

"हो, फुंकरच मारायचीय," असे म्हणून तिने पेटी उघडली आणि मला बाहेर काढले.

मित्रांनो, माझ्या अंगात वीज सळसळली! तिने आधी नळ उघडा ठेवला. बाबा म्हणाले, पाइपच्या मधल्या भागापासूनच सुरुवात कर. तिने ऐकले नाही. वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर पाइप फुटेल, असे तिने समजावले. मग नळापासून सुरुवात करून ती मला हळूहळू मागे सरकवू लागली. मी जीव तोडून फुंकत होतो. मध्येच इतका तापलो की बंदच पडलो. बाबांचा चेहरा पांढराफटक झाला. त्यांनी मला शालीने वारा घातला, अगदी आजाऱ्याला घालावा तसा. थोडा निवलो आणि पुन्हा घुं करून सुरू झालो. पाइपला घाम फुटला, आत गुडगुडले, नळ दोनदा तांबूस थुंकला आणि धो धो वाहू लागला! तेवढ्यात बाहेर मोटारीचे भोंगे वाजले.

घर माणसांनी भरले. चहाचे पेले फिरू लागले. साबिहाबाईंना काही राहवेना.

"ऐकलं का मेव्हिबे, तुझी पाठ वळली आणि सुनेनं नळ गोठवला."

गुलीझार मान खाली घालून चहा ओतत राहिली. मी फडताळावरून पाहत होतो. मला ओरडावेसे वाटले, पण माझी वायर काढलेली होती.

बाबा उठून उभे राहिले. "तिनं नाही, मी. नळ मी बंद केला आणि वर घर पेटवायला निघालो होतो. आज हे छप्पर आहे ते तिच्यामुळं."

मेव्हिबेआईंसमोर मक्केहून आणलेल्या झमझम विहिरीच्या पवित्र पाण्याचे इवले कप मांडलेले होते. पहिला कप वडीलधाऱ्या पाहुण्याचा, अशी रीत. त्यांनी तो उचलला आणि थेट गुलीझारच्या हातात दिला.

"घे पोरी. आधी तू."

गुलीझार रडली. मलाही रडता आले असते तर मीही रडलो असतो.

तेव्हापासून थंडीत मला घरोघर बोलावणे येते. उन्हाळ्यात कुणी विचारत नाही. माझी वायर चिकटपट्टीने बांधली आहे आणि आवाज घोगरा झाला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंना ओल्या हातांनी धरू नका, तापल्या की दम खाऊ द्या. आणि तुमच्या चुकीचा बोल दुसऱ्या कुणाला लागत असेल, तर नुसरेतबाबांसारखे भरल्या घरात उठून उभे राहा.