नेयदीच्या गप्प बसण्याची हकिकत

मी एक वाडगी बोलतेय. मला कुंभाराने घडवलं नाही, सुताराने कोरलं नाही. मी झाडावर पिकले. मोदेस्ताआजीच्या परसात एक झाड आहे, त्याच्या खोडालाच हिरवी गोल फळं लागतात. त्यातलं एक आजीने करवतीने मधोमध कापलं, गर खरवडला, उकळत्या पाण्यातून काढलं आणि दोन्ही अर्धुकं छपरावर उन्हात वाळत टाकली. एक मी, दुसरी माझी बहीण. मेक्सिकोतल्या युकातान भागात, आमच्या गावात, मक्याची पेज अशाच वाडग्यांतून पितात.

माझं पहिलं मानाचं काम आलं ते आजीच्या नातीला, नेयदीला, कडेवर घेण्याच्या दिवशी. तोवर तान्ह्याला आडवंच धरतात. चुलीचे दगड तीन, म्हणून मुलगी तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा कडेवर बसते. शेताचे कोपरे चार, म्हणून मुलगा चौथ्या महिन्यात. त्या दिवशी मुलीच्या ओठाला अंडं लावतात, बुद्धीचं कवच फुटावं म्हणून. मुठीत सुई, पळी, पेन्सिल धरवतात. मग धर्मआई तिला कडेवर घेऊन टेबलाभोवती नऊ फेऱ्या घालते. मोजणी चुकू नये म्हणून माझ्यात भोपळ्याच्या नऊ बिया ठेवल्या होत्या. दर फेरीला नासारियाने, म्हणजे धर्मआईने, एक बी तोंडात टाकायची. बिया संपल्या की फेऱ्या संपल्या.

तिसऱ्या फेरीला नेयदीचा हात माझ्या काठावरून आत घसरला आणि मूठ मिटली. तीन महिन्यांच्या मुलाच्या तळव्याला काहीही लागलं की मूठ आपसूक मिटते, मग ते कुणाचं बोट असो की भोपळ्याची बी. मी पाहिलं. पण वाडगीने सांगावं कुणाला?

संध्याकाळी न्हाऊ घालताना आजीने मूठ उघडली, तर ओली बी.

"नासारिया, फेऱ्या किती घातल्यास गं?"

"नऊ. बिया संपेपर्यंत."

"मग ही कुठली? आठच झाल्या की! तुला नऊपर्यंत मोजता येत नाही होय?"

"मला येतं हो. बियांना येत नसेल."

सगळे हसले. राहिलेली फेरी आता घालते, असं नासारिया म्हणाली, पण आजीने हात झटकला. "राहू दे. मोडलेला विधी सांधत नसतात."

सहाव्या महिन्यात नेयदीने मला चाखलं. काठ, बूड, सगळं. आठव्या महिन्यात ती मला झुल्यातून खाली टाकायला लागली. एका सकाळी तेवीस वेळा टाकलं, मी मोजलं. "मुद्दाम करते बघा ही!" म्हणून तिची आई सोयला वैतागायची आणि उचलून द्यायची. मुद्दामच होतं ते, पण खोडी नव्हती. टाकल्यावर ती मान वाकवून जमिनीकडे बघत राहायची. मातीवर एक आवाज, दगडावर दुसरा. वस्तू प्रत्येक वेळी खालीच जाते का, हे तिला कुणाच्या सांगण्यावरून मानायचं नव्हतं.

मग आजीचा खेळ सुरू झाला. आजी शेंगदाणा माझ्याखाली झाकायची. आधी आधी दाणा दिसेनासा झाला की नेयदीच्या लेखी तो जगातूनच गेला. ती कोंबड्या बघायला लागायची. नवव्या महिन्यात एके दिवशी तिने मला उलथलं आणि दाणा काढला. काय तो आनंद! मग आजीने तिच्या डोळ्यांदेखत दाणा माझ्या बहिणीखाली ठेवला. तरी पोरीने उचललं मलाच.

"वेडी गं माझी बाय!" आजी म्हणाली.

वेडी कसली? हरवलेली किल्ली मागच्या वेळी जिथे सापडली तिथेच आधी शोधणारी मोठी माणसं मी या घरात रोज बघते. नेयदी वर्षाची झाली आणि मग फसेना. दीड वर्षाची झाली तेव्हा मी टोपी झाले, कासव झाले, एकदा तर एका कणसाची आई झाले. वाडगी वाडगी असूनही दुसरं काही होऊ शकते, हे तिला कळलं होतं.

पण ती बोलेना. तीन वर्षं सरली तरी "आई", "दे", "नको" आणि कोंबड्या हाकायचा एक आवाज, एवढंच. बाकी वेळ नुसती बघत बसायची. सोयला मक्याच्या भाकऱ्या थापायची, ही तिच्या बोटांकडे बघायची. एक दिवस गोळा घेतला आणि थापली. वाकडी, पण भाकरीच. आमच्याकडे मुलांना कुणी धडे देत नाही. ती बघतात आणि आपलं आपण हात घालतात.

आजीला मात्र ती राहिलेली फेरी आठवली. "नववी फेरी जिभेची होती," ती शेजारणींना सांगायची. नासारिया मग पुढच्या दाराने यायची बंद झाली. तिथे तोंड फुगवून आजी बसलेली असे, कोण येणार?

त्यातच बालवाडीच्या इर्माबाई घरी आल्या. बाई चांगल्या होत्या, आमची माया भाषा बोलायच्या, पण शहरात वाढलेल्या. त्यांनी चित्र दाखवलं, "हे काय आहे गं?" कोंबडी होती. नेयदीने चित्राकडे पाहिलं, मग परसातल्या कोंबडीकडे, मग बाईंकडे, जरा कीव आल्यासारखं. बोलली नाही. "हा रंग कोणता?" नाही. "हे किती?" नाही. चौदा प्रश्न, चौदा शून्य.

"हिला शहरातल्या वेगळ्या शाळेत घालावं लागेल," बाई म्हणाल्या. "सोमवार ते शुक्रवार तिथेच राहील. येत्या शुक्रवारी कागद घेऊन येते, सही करा."

सोयलाचे हात पिठात तसेच राहिले.

गुरुवारी नासारिया मागच्या दाराने आली. काही न बोलता साडेतीन वर्षांची धोंड कडेवर घेतली आणि टेबलाभोवती निघाली.

"अगं, पाठ मोडेल!" आजी ओरडली. "सांधत नसतात म्हटलं ना!"

"मोडू दे. पोर गेली तर कुणाची पाठ शाबूत राहणार आहे?" धापा टाकत तिने फेरी पुरी केली. नेयदी खाली उतरली आणि मुकाट कोंबड्यांकडे गेली. आजीने शालीच्या टोकाने डोळे पुसले. त्या दिवशी दोघींनी एकत्र पेज प्यायली.

शुक्रवारी इर्माबाई आल्या. टेबलावर कागद मांडला. सोयलाने माझ्यात पेज भरून पुढे केली. बाईंनी दोन घोट घेतले आणि सहीची जागा दाखवायला म्हणून मला टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे, जशी काचेची बशी ठेवावी तशी!

मी कलंडले. सगळी पेज कागदावर, बाईंच्या घागऱ्यावर, आणि मी चुलीच्या दगडावर. काठापासून बुडापर्यंत चीर गेली.

कुणी बोलायच्या आत नेयदी उठली. खुंटीवरची वेलाची चुंबळ काढली, टेबलावर ठेवली, मला उचलून तिच्यात बसवलं. आणि बाईंकडे बघून म्हणाली, "बाई, हिचं बूड गोल असतं. नुसती ठेवली तर पडते. आधी चुंबळ ठेवायची, मग ही. तुमच्या घरी नाही का शिकवलं?"

सोयलाने तोंडावर हात ठेवला.

"नाही गं," बाई हळूच म्हणाल्या. "आमच्याकडे काचेचे पेले. आणि चुंबळ कशाची करतात?"

झालं! नेयदीने वेल कुठे मिळतो, तो ओला असताना का वळायचा, आजीची चुंबळ आईच्या चुंबळीपेक्षा का टिकते, सगळं सांगितलं. ही बाई खरोखरच अडाणी आहे, हे तिला कळलं होतं. कोंबडी समोर असताना "हे काय" विचारणाऱ्याला उत्तर काय द्यायचं? पण ज्याला ठाऊकच नाही, त्याला सांगायला नको?

"बोलते ही," बाई म्हणाल्या.

"पहिल्यापासून बोलत होती," आजी ठसक्यात म्हणाली. "तुम्ही नीट विचारलं नाहीत." नासारियाने तिच्याकडे असं पाहिलं की आजी चूल फुंकायला वळली.

पेजेत भिजलेला कागद बाईंनी घडी घालून पिशवीत टाकला. नवा आणला नाही.

त्याला चार वर्षं झाली. माझ्यात पाणी ठरत नाही. नासारियाने घायपाताच्या दोऱ्याने चीर शिवली आहे. आता माझ्यात वाल ठेवतात. इर्माबाई नव्या मुलाला पहिल्या दिवशी रंग विचारत नाहीत. "तुझ्या घरची वाट कशी आहे रे, मला माहीत नाही," असं म्हणतात, आणि मुलं वाटेतल्या कुत्र्यांसकट सगळं सांगतात.

तुमच्याही घरी एखादं गप्प मूल असेल. त्याला घाईने मंद म्हणू नका. त्याला असं काही विचारा, जे तुम्हाला खरोखर ठाऊक नाही. आणि विचारलंत की थोडं थांबा.