मी झाकलेले पांढरे पट्टे

मित्रांनो, मी एक फ्लेक्स आहे. वय विचाराल तर उणंपुरं एक वर्ष, पण या एका वर्षात मी इतका जुना झालो की माझ्यावरचे रंगही आता नीट ओळखू येत नाहीत. सध्या मी बीडच्या एका पोलीस ठाण्यात, जप्त केलेल्या वस्तूंच्या खोलीत गुंडाळून पडलो आहे. माझ्या सुतळीला नंबराची चिठ्ठी बांधलेली आहे. बोलताना मी कुठे फुशारकी मारली तर पोटात घाला, कारण माझा जन्मच फुशारकीसाठी झाला होता.

अंबाजोगाईच्या एका छपाईच्या दुकानात मी यंत्रातून बाहेर आलो, तेव्हा माझ्यावर बंकटभाऊंचा चेहरा होता. भाऊ म्हणजे आमच्याकडचे उगवते पुढारी. हात जोडलेले, डोळ्यांवर काळा चष्मा, मागे विनाकारण एक वाघ, आणि वर सोनेरी अक्षरांत वाढदिवसाच्या शुभेच्छा. माझ्या तळाला बत्तीस शुभेच्छुकांचे फोटो होते. अगदी खालच्या रांगेत उजवीकडून तिसरा होता अभिमन्यू. हा बावीस वर्षांचा तरुण भाऊंच्या मागे मोटारसायकलवर फिरायचा. फ्लेक्सवर त्याचा फोटो पहिल्यांदाच येत होता. मला न्यायला तोच आला आणि दुकानदाराला म्हणाला, "माझा फोटू जरा मोठा करायचा बे, दिसना गेलाय." मला त्याची मोठी गंमत वाटली. मी स्वतः वीस फूट रुंद, मला लहान असण्याचं दुःख काय कळणार?

बीडमध्ये जवळच्या पाली गावाकडून येणारा रस्ता जिथे एका चौकात वळतो, तिथे मला बांधायचं ठरलं. चौकाच्या तोंडाशी रस्त्यावर पांढरे पट्टे मारलेले आहेत, पायी चालणाऱ्यांनी ओलांडण्यासाठी. बाजूला 'पुढे शाळा आहे, वाहने सावकाश चालवा' अशी पाटी आहे. फ्लेक्स बांधणाऱ्या सटवाने माझी एक दोरी विजेच्या खांबाला बांधली आणि दुसरी त्या पाटीच्या खांबाला. पाटी माझ्या मागे गेली. पट्ट्यांवर उतरणारा माणूसही माझ्या मागे गेला.

चौकातल्या वाहतूक पोलीस उज्ज्वलाताई शिट्टी वाजवत धावत आल्या. "तिथं कावून बांधताय? पाटी झाकली, पट्ट्यावरचा माणूस झाकला. लेकरं जातेत इथून शाळेला!"

सटवा शिडीवरूनच म्हणाला, "मॅडम, भाऊनीच जागा सांगितलीय. पट्ट्याजवळ समद्या गाड्या हळू होत्यात ना, मग समद्यांना दिसतंय."

"परवानगी हाय का?"

सटवाने खिशातून फोन काढला, कुणाला तरी लावला आणि त्यांच्या हातात दिला. ताई दोनदा "हो साहेब" म्हणाल्या, फोन परत केला आणि आपल्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. कायदा हरला आणि मी जिंकलो, असं मला वाटलं. मी वाऱ्यावर असा काही फुगलो की खांबसुद्धा करकरला.

त्या पट्ट्यांवरून रोज सकाळी बद्रीनाथबाबा यायचे. पालीजवळ, बिंदुसरा नदीच्या धरणाकडेला त्यांची वस्ती होती. शेळ्या-मेंढ्या, दोन म्हशी, ते आणि त्यांची बायको मुक्ताबाई. सायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवून ते शहरात रतीब घालायला येत. पट्टे आले की बाबा सायकलवरून उतरायचे, एक हात वर करायचे आणि सायकल ढकलत चालत पलीकडे जायचे. मागचे मोटारसायकलवाले भोंगा वाजवून वाजवून जीव खात, पण बाबा ढिम्म.

उज्ज्वलाताई एकदा हसून म्हणाल्या, "बाबा, पट्ट्यावर उतरून चालणारे बीडात तुमी एकलेच."

"बाई, मेंढरं रस्त्यापार करायची म्हंजी आदी आपण मधी हुबं ऱ्हायचं, हात वर करायचा, मंग मेंढरं काढायची. चाळीस वर्सं तेच केलं. ही सायकल बी माजं मेंढरूच हाय."

मी आल्यावर मात्र बाबांना पट्ट्यांवर पाऊल टाकण्याआधी माझ्या कडेवरून मान बाहेर काढून बघावं लागे. एकदा त्यांनी मला बोटाने बाजूला सारलं. मला राग आला होता. म्हाताऱ्याचे हात दुधाने चिकट होते आणि मी अजून कोरा करकरीत होतो.

तिसऱ्या दिवशी भाऊंचा वाढदिवस उजाडला. सकाळी नऊच्या सुमाराला पन्नासेक मोटारसायकली चौकाकडे सुटल्या. एकेका गाडीवर तिघे तिघे, सायलेन्सर काढून टाकलेले, डोक्यावर शिरस्त्राण एकाच्याही नाही. धूर उसळला आणि फटाक्यांसारख्या आवाजाने दुकानदारांनी कानांवर हात ठेवले. उज्ज्वलाताई चौकाच्या दुसऱ्या टोकाला दोन्ही हात पसरून उभ्या होत्या, त्यांना वळसा घालून सगळे उलट्या बाजूने आत घुसले.

त्याच वेळी बाबा माझ्या मागे सायकलवरून उतरले. त्यांनी मान बाहेर काढली, गाड्या यायच्या त्या बाजूला पाहिलं, हात वर केला आणि पट्ट्यांवर पाऊल टाकलं. उलट्या बाजूने कुणी येईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. सगळ्यांच्या पुढे अभिमन्यू होता आणि त्याची मान माझ्याकडे वळलेली होती.

त्याची गाडी माझी खालची कड फाडत बाबांवर गेली. सायकलचं चाक दुमडून बाबांच्या बरगड्यांत शिरलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला, मित्रांनो, आणि इतक्या गोंगाटातही तो मला वेगळा ऐकू आला. बाबा पंधरा-वीस हात फरफटत गेले. मागची गाडी त्यांच्या पायावरून गेली. तिच्यावरचे तिघे घसरत जाऊन खांबावर आदळले आणि खांबाबरोबर मीही थरथरलो. कॅन फुटले. दूध पट्ट्यांवरून वाहत गटारीकडे निघालं आणि वाटेतच लाल झालं.

पुढचं सांगायला मला लाज वाटते. बाबा तसेच पडून राहिले आणि लोक अभिमन्यूवर तुटून पडले. चपला, बुक्क्या, रसवंतीवरची उसाची कांडकी, ज्याच्या हाताला जे लागलं ते. त्याची भुवई फुटली, हात कोपरातून लटकला, तरी कुणी थांबेना. एकाने दगड उचलला. उज्ज्वलाताईंनी अंगावर पडून अभिमन्यूला झाकलं आणि तो दगड त्यांच्या खांद्यात बसला. तशाच ओरडल्या, "याला नंतर मारा! आदी बाबाला उचला, जीव हाय अजून!"

उचलायचं कशावर? तेव्हा अभिमन्यू रक्तबंबाळ तोंडाने खांबाकडे सरपटत आला आणि एका हाताने हिसडे मारून त्याने मला खाली ओढलं. बाबांना माझ्यावर घेतलं, चौघांनी माझे चार कोपरे धरले आणि आम्ही भाजीच्या टेम्पोत चढलो. बंकटभाऊंच्या जोडलेल्या हातांवर बाबांचं डोकं होतं. रक्त ऊन होतं. मला कुणी इतकं घट्ट कधी धरलं नव्हतं. बाबांची बोटं माझ्या कडेत रुतली होती. ते शेजारी बसलेल्या उज्ज्वलाताईंना म्हणाले, "बाई, मी उतरलेलो हुतो. चालतच हुतो. मुक्ताला सांगा, माजी चूक न्हाई."

दवाखाना येण्याआधीच ती बोटं सैल पडली.

मुक्ताबाई आल्या, तेव्हा उज्ज्वलाताईंनी हे शब्द जसेच्या तसे त्यांना सांगितले. ताई गेल्यावर दवाखान्यातल्या कुणीतरी बाबांच्या चपला, सायकलची पिशवी आणि घडी घातलेला मी, असं सगळं मुक्ताबाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणालं, "तुमचं सामान." त्यांना वाचता येत नव्हतं. आपल्या माणसाला ज्यात गुंडाळलं होतं ते कापड, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी मला काखेत घेतलं.

आता मुक्ताबाईंच्या हातून काय घडलं ते ऐका. जनावरांत आयुष्य गेलेल्या माणसाला धडधाकट कापड वाया घालवता येत नाही. पौषाची थंडी होती, सहा करडं नुकती जन्मली होती. तेरावं झाल्यावर त्यांनी मला धरणाच्या पाण्यात बुडवलं, सोड्याने आणि नारळाच्या शेंडीने घासघास घासलं, आणि घासता घासता मोठ्याने रडल्या. बाबांचं रक्त माझ्यातून निघून पाण्यात गेलं. मग त्यांनी मला करडांच्या खोपटावर बांधलं. रात्रीचा वारा अडवायला मी चांगला होतो. एका शेळीने बंकटभाऊंचा कान चावून खाल्ला, आणि खरं सांगू, मला वाईट वाटलं नाही.

इकडे कागदावर भलतंच लिहिलं गेलं होतं. भाऊंच्या माणसांनी साक्ष दिली की म्हातारा सायकलवर बसून अचानक आडवा घुसला, आणि चौकात फ्लेक्स नव्हताच. उज्ज्वलाताई एकट्याच ओरडून सांगत होत्या, पण त्या चौकाच्या दुसऱ्या टोकाला होत्या, म्हणून त्यांचं म्हणणं कुणी धरेना. त्या मला शोधत दवाखान्यात गेल्या, तिथे सांगितलं की कचऱ्यात गेला असेल. मुक्ताबाईंना कुणीतरी तो कागद वाचून दाखवला, तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. "मेलं माणूस परत येत न्हाई," त्या शेजारणीला म्हणाल्या, "पर मेल्यावर त्यांच्या माथी खोटं कावून मारायचं?" ज्याने ते खोटं ठरलं असतं तो मी त्यांच्याच दारात करडांवर पसरलेला होतो, आणि मला तोंड नव्हतं.

पण भाऊंचा चेहरा शेळ्यांच्या डोक्यावर आहे, ही गोष्ट पालीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी चौकात हसत सांगितली. दोन दिवसांनी अभिमन्यू वस्तीवर आला. हात गळ्यात बांधलेला, भुवईवर टाक्यांचा वण, आणि काखेत एक नवीकोरी निळी ताडपत्री. तो जामिनावर सुटला होता आणि त्याला भाऊंच्या माणसांनीच धाडलं होतं.

"आजी, ते जुनं कापड द्या. ही घ्या नवी. करडांना ऊब ऱ्हाईल."

मुक्ताबाईंनी त्याला ओळखलं नाही. त्यांनी ताडपत्री हाताने चाचपून बघितली. जाड होती, कडेला पितळी कड्या होत्या. "देवानंच धाडलं रं तुला," म्हणत त्या खोपटाकडे गेल्या आणि माझी गाठ सोडू लागल्या. माझा जीव, असलाच तर, त्या गाठीत अडकला होता. दोन गाठी सुटल्या. तिसरी सुटेना, म्हणून त्या म्हणाल्या, "जरा हिकडून धर, लेकरा."

अभिमन्यूने माझा कोपरा धरला. त्याच्या बोटांखाली खालच्या रांगेतला उजवीकडून तिसरा फोटो होता. इतकं घासूनही तो फोटो स्पष्ट राहिला होता. तो बघत राहिला. मग त्याने कोपरा सोडून दिला आणि मातीत बसला.

"आजी, देऊ नका. कुणालाच देऊ नका ह्यो. तुमच्या मालकाला मीच उडवलं."

मुक्ताबाई वळल्या. खोपटाला टेकवलेली काठी त्यांनी त्याच्या पाठीत घातली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. त्याने अंग चोरलं नाही. चौथ्या वेळी त्यांनाच काठी उचलेना. धापा टाकत त्या म्हणाल्या, "धुतला की रं मी त्यो. रगत समदं धुतलं. आता काय दाखवू?"

"मी हाय ना सांगायला," तो म्हणाला.

त्याच दुपारी मुक्ताबाईंनी मला डोक्यावर घेतलं आणि तो त्यांच्या मागून चालत ठाण्यात गेला. उज्ज्वलाताई धावत आल्या. ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं, "फ्लेक्समुळं बाबा दिसला नाही, असं म्हणायचंय का तुला?"

"फ्लेक्स व्हताच साहेब, पट्ट्यावरच बांधलेला. पर बाबानं हात वर केला व्हता, त्यो हात फ्लेक्सच्या बाहेर व्हता. मला दिसला असता." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "मी उलट्या बाजूनं गेलतो, आन् गाडी चालवता चालवता माझाच फोटू बघत व्हतो."

हवालदाराने ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. लिहून झाल्यावर मुक्ताबाईंनी उज्ज्वलाताईंचा हात धरला आणि तो कागद वाचायला सांगितला. ताईंनी वाचलं, "मयत बद्रीनाथ हे सायकलवरून उतरून, हात वर करून, पट्ट्यांवरून पायी चालत होते. त्यांची चूक नव्हती."

"आनिक एकदा वाच, बाई," मुक्ताबाई म्हणाल्या. ताईंनी पुन्हा वाचलं. मुक्ताबाईंनी पदर तोंडात धरला आणि मग कुठे त्या भिंतीला टेकल्या.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी इथे आहे. खटला उभा राहील तेव्हा मला कोर्टात नेतील आणि उलगडतील. बंकटभाऊंचं काय होईल ते मला ठाऊक नाही. शिक्षा मलाही व्हायला हवी, पण कापडाला कोण शिक्षा करणार? म्हणून तुम्हालाच हात जोडून सांगतो. रस्ता ओलांडताना पट्ट्यांवरून चला, सायकल असेल तर खाली उतरा, आणि दोन्ही बाजूंना बघा. उलट्या बाजूलाही बघा, कारण आपल्याकडे तिकडूनही माणसं येतात. तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल, तेव्हा पट्ट्यांवर कुणी हात वर केला तर थांबा, मग तो पोलीस असो की दूधवाला. आणि कधी कुणी तुम्हाला म्हणालं की फ्लेक्सवर तुझाही फोटो टाकतो, तर हुरळून जाऊ नका. आधी एवढंच विचारा, "बांधणार कुठं?"