रंगाखालची भेग

मी एक जुनी शिडी आहे. चार पायऱ्यांची. हसू नका, मित्रांनो. एकेकाळी मला बारा पायऱ्या होत्या आणि भल्याभल्या कचेऱ्यांची छतं माझ्यापुढे ठेंगणी होती. बाराच्या चार कशा झाल्या, ते आज सांगते. यात रडगाणं नाही. एका माणसाचं कौतुक आहे, आणि ते केल्याशिवाय मला राहवत नाही.

मला एका फटकळ सुताराने घडवलं. तो लाकूड डोळ्याजवळ धरून त्याची रेघ बघायचा आणि गाठ दिसली की बाजूला भिरकावायचा. माझ्या दोन उभ्या दांड्यांसाठी त्याने निम्मी वखार नाकारली असेल. शेवटी मला पोटभर जवसाचं तेल पाजलं आणि न्यायला आलेल्या तरुण वायरमनला त्याने बजावलं, "वर्षातून दोनदा तेल द्या. रंग मात्र लावू नका. रंगाखाली काय चाललंय ते देवालाही दिसत नाही."

तो वायरमन म्हणजे माझे मालक. गल्लीत त्यांना 'जरा थांबा' म्हणत, कारण कुठल्याही कामाची सुरुवात ते याच दोन शब्दांनी करत. मला भिंतीला टेकवलं की एक हात माझ्या दांड्यावर ठेवायचे, वर बघायचे, खाली बघायचे आणि स्वतःलाच मोठ्याने विचारायचे, "पडलंच, तर कुणावर?" मग खालची खुर्ची हलायची, पाळणा हलायचा, झोपलेलं मांजरसुद्धा उठायचं. त्यानंतरच त्यांचा पाय माझ्या पहिल्या पायरीवर पडायचा.

एकदा वाचनालयात दिवा बदलायचा होता. यांनी दोन टेबलांवरची माणसं उठवली. एक आजोबा वर्तमानपत्रासकट कुरकुरत सरकले. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अहो, दोन मिनिटांचं काम आणि वीस मिनिटं आमची उठबस!"

"काम दोन मिनिटांचंच आहे, बाई. पडायला तेवढीही लागत नाहीत."

त्या दिवशी काहीच पडलं नाही. खरं तर तीस वर्षांत क्वचितच काही पडलं, आणि म्हणूनच लोक त्यांना हसत. जे घडलंच नाही त्याचं श्रेय कोण देतो? मी मात्र दिलं, मित्रांनो. त्या माणसाचा भार वाहताना माझ्या पायऱ्यांना कधी ओझं वाटलं नाही.

पण हा सगळा विचार त्यांना छताखाली सुचायचा, माणसांच्या बाबतीत नाही. त्यांचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, रंगारी होता. त्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला पाटीवरच्या दिव्यांच्या, त्याने स्वतःच जोडलेल्या तारा ओल्या झाल्या होत्या. मालकांनी बटण दाबू दिलं नाही. ते बरोबरच होतं, पण शंभर पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "अक्कल गहाण ठेवून जोडणी केलीय!" मेव्हण्याचा चेहरा पडला. पुढची अडीच वर्षं तो या घराची पायरी चढला नाही. वहिनी, म्हणजे माझी मालकीण, भावाची आठवण आली की उगाचच भांडी घासत बसायच्या.

आणि एका सकाळी तो फळांची पिशवी घेऊन आपणहून आला. ताईच्या गळ्यात पडला. दाजी कामावर गेले होते. ते येईपर्यंत काहीतरी करून दाखवावं असं त्याला वाटलं असावं, कारण त्याची नजर ओसरीवर माझ्याकडे गेली. मी तेव्हा तेलकट, करडी, अगदीच कळकट दिसत होते. त्याने मला घासलं, पुसलं आणि आकाशी रंगाचे दोन हात दिले. खोटं कशाला बोलू? मला फार आवडलं. तीस वर्षांत मला कुणी नटवलं नव्हतं. सुताराचा शब्द मीही विसरले.

संध्याकाळी मालक आले. "छान केलंस रे," म्हणाले. मेव्हणा खुशीत घरी गेला. मग त्यांनी माझ्या दांड्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. दोन दिवसांनी नाट्यगृहाच्या छताचं काम होतं.

"हा रंग काढावा लागेल," ते म्हणाले.

"अहो, रंगच तर आहे!" वहिनी म्हणाल्या. "अडीच वर्षांनी उंबऱ्यात आलाय माझा भाऊ. तुम्ही खरवडलात तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"मोडलेलं मन सांधता येतं गं. कंबर मोडली तर?"

"अडीच वर्षांत सांधलंत का तुम्ही?"

 मालक माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि स्वतःशी बोलू लागले. गुपचूप रंग काढला, तर? तो येईल, बघेल आणि ताईलाही दोषी धरेल. दुसऱ्याची शिडी नेली, तर? तो विचारेल, मग एक थाप, आणि ती झाकायला दुसरी. तसाच चढलो, तर? त्यांनी वर छताकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे. शेवटी म्हणाले, "तोंडावर सांगितलं, तर रागावून जाईल. मग? मग मी त्याच्या दारात जाईन. लगेच जाईन. आणि पाटीच्या दिवशी जे बोललो, त्याची आधी माफी मागेन."

इतक्या वर्षांत मी त्यांना इतक्या अवघड जागी चढताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेव्हण्याला चहाला बोलावलं. आधी माफी मागितली, मग रंगाचं सांगितलं. माफीने त्याचे डोळे भरून आले आणि रंगाचं ऐकून तो ताडकन उठला.

"म्हणजे माझ्या हाताला यशच नाही या घरात! आणा तो काचपेपर. मीच काढतो. पुन्हा इथे ब्रश घेऊन आलो तर नाव बदलीन!"

तो माझ्यावर तुटून पडला. निळी भुकटी उडत होती. वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. वरच्या टोकापासून एकेक पायरी घासत तो खालून पाचव्या पायरीपाशी आला आणि त्याचा हात थांबला.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "इथे मी पुट्टी भरली होती."

"का रे?"

"भेग होती. उभ्या दांड्यात. आमच्याकडे भेग दिसली की भरायची, घासायची आणि रंग मारायचा. मी... मी विचारच केला नाही."

त्याने टोकदार पत्तीने पुट्टी काढली. भेग नवी होती, मलाही न कळलेली, पण वीतभर लांब होती. मला मोडून पडायला एकच चढण पुरली असती. तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "ताई, मी दाजींना मारलं असतं गं."

मालकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, भेग कुणाला दिसू नये हेच तर तुझं काम. ते तू चोख केलंस. आता ऊठ, करवत धर."

"करवत कशाला? ठेवा कोपऱ्यात. तीस वर्षांची सोबत आहे तुमची."

"ठेवली तर कुणीतरी घाईत उचलेल. मग?"

तेवढं बोलून ते माझ्याजवळ आले. त्यांचा तळवा माझ्या दांड्यावर टेकला. मला भीती वाटली, मित्रांनो. पण मी त्यांना ओळखत होते. या माणसाने मला तोडायचं ठरवलं, म्हणजे त्याने शेवटपर्यंत जाऊन पाहिलं असणार. एका टोकाला दाजी, दुसऱ्या टोकाला मेव्हणा, आणि करवत चालली. भेगेच्या खालच्या चार निरोगी पायऱ्या तेवढ्या राहिल्या.

जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला टाकू नका. मीही सांगते, जपा आम्हाला. तेल द्या, पावसात उघड्यावर ठेवू नका. पण आमच्यात भेग दिसली तर माया आड येऊ देऊ नका, आणि ती झाकू तर मुळीच नका. झाकण्याआधी एकदा स्वतःला 'मग?' असं विचारा. उत्तर आवडलं नाही तरी विचारा.

मी आता गॅलरीत असते. माझ्या पायऱ्यांवर कुंड्या आहेत. माझे मालक सत्तरीला आलेत. ते रोज सकाळी त्या कुंड्यांना पाणी घालतात, स्वतःच्या दोन धडधाकट पायांवर उभे राहून. मी खालून ते पाय बघत राहते.